महादेवाच्या वाटेवरचे सौंसर

माघ वद्य पक्ष लागला की सावनेरकडून येणाऱ्या रस्त्यावर त्रिशूळ दिसू लागतात. कोणाच्या खांद्यावर हातभर लांबीचा, तर कोणी चौघांनी मिळून उचललेला, मणभर वजनाचा. त्यांना शेंदूर फासलेला, लिंबू टोचलेले, भगवे फडके बांधलेले. मागून डफाचा आवाज आणि ‘हर हर महादेव’चा गजर. विदर्भाच्या गावोगावचे हे पोहे पचमढीच्या चौरागडास निघालेले असतात. आपल्या सौंसरच्या जुन्या घरांतून ‘पचमढीला जातो’ असे कोणी म्हणत नसे. ‘महादेवाला जातो’ एवढेच म्हणत, आणि कोणता महादेव हे विचारण्याची गरज पडत नसे.

ही यात्रा आपल्या दारावरून जाते, म्हणूनच की काय, तिच्याकडे आपण कधी इतिहासाच्या दृष्टीने पाहिले नाही. सरकारी नोकरीत जुनी गॅझेटियरे चाळण्याची जी सवय आम्हांस लागली, तिच्यामुळे या डोंगराविषयी काही गोष्टी हाती आल्या. त्या येथे मांडीत आहोत.

प्रथम वाट पाहू. सावनेर, सौंसर, रामाकोना, मग सिल्लेवानीचा घाट चढून उमरानाला आणि छिंदवाडा. पुढे परासिया, तामिया, मटकुली व पचमढी. इटारसी-जबलपूर लोहमार्ग १८७० मध्ये सुरू झाल्यावर उत्तरेकडील यात्रेकरूंना पिपरियाचे स्थानक जवळ पडले. परंतु वऱ्हाड-नागपूरच्या यात्रेकरूला ही दक्षिणेची वाटच सोयीची राहिली. पुढे नागपूर-छिंदवाडा छोटी रेल्वे आली आणि सौंसरचे स्थानक यात्रेच्या दिवसांत त्रिशूळांनी भरू लागले. ती छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली व तिच्या जागी मोठ्या रुळांचा मार्ग आला. वाहन बदलले, वाट तीच राहिली.

आता कथा. भस्मासुराची कथा सर्वांना ठाऊक आहे. ज्याच्या मस्तकावर हात ठेवीन तो भस्म होवो, हा वर शंकराकडून मिळवून तो शंकराच्याच मागे लागला. पचमढीत ही कथा जमिनीवर मांडून ठेवली आहे. जटाशंकराच्या घळीत शंकर लपले, तेथे त्यांनी जटा सोडल्या; गुप्त महादेवाच्या अरुंद भेगेतून ते निसटले; आणि मोठ्या महादेवाच्या गुहेपाशी विष्णूने मोहिनीरूपाने भस्मासुराला नाचवून त्याचा हात त्याच्याच मस्तकावर ठेवविला. गुप्त महादेवाच्या भेगेत अंग तिरके करूनच शिरावे लागते. ज्याने एकदा तेथे श्वास आवरून पाऊल टाकले आहे, त्याला देवाच्या पळण्याची गोष्ट पुन्हा सांगावी लागत नाही.

चौरागडाची कथा याहून साधी आहे. चौरा नावाच्या साधूने या शिखरावर तप केले. महादेव प्रसन्न झाले आणि आपला त्रिशूळ येथे ठेवून गेले. तेव्हापासून नवस फेडणाऱ्याने त्रिशूळ वाहावा. सुमारे तेराशे पायऱ्या चढून माथ्यावर आले की देवळाभोवती त्रिशुळांचे रानच उगवलेले दिसते. त्यांतील बहुतेक त्रिशूळ कोणाच्या तरी घरी पाळणा हलल्याची खूण आहेत.

पण हा डोंगर केवळ आपल्या कथांचा नाही. कोरकू लोकांची उत्पत्तिकथा रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात नोंदविली आहे. सातपुड्याचे रान निर्मनुष्य होते. ते वसवावे अशी विनंती रावणाने महादेवाला केली. महादेवाने तांबडी माती शोधण्यास कावळ्याला पाठविले आणि त्या मातीचे स्त्री व पुरुष असे दोन पुतळे घडविले. इंद्राच्या घोड्यांनी ते तुडविले, तेव्हा राखणीसाठी कुत्रा निर्माण केला आणि मग पुतळ्यांत प्राण घातला. तेच मूला व मुलाई, कोरकूंचे आदिपुरुष आणि आदिमाता. ज्या कथेत रावण हा लोकवस्तीसाठी रदबदली करणारा ठरतो, ती कथा पुराणिकाच्या पोथीतून आलेली नव्हे. ती या रानातीलच आहे. महादेवाच्या गुहांची राखण आणि यात्रेचा मानही पिढ्यान्‌पिढ्या कोरकू जहागिरदारांकडे होता.

गोंडांची कथा आणखी वेगळी. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ती प्रधानांकडून ऐकून उतरवून घेतली. त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी ती छापली. तीत महादेवच गोंडांना गुहेत कोंडतो आणि लिंगो त्यांना सोडवितो. एकच देव एका कथेत पळणारा, दुसरीत घडविणारा, तिसरीत कोंडणारा. यांतील खरी कोणती, हा प्रश्न आम्हांस व्यर्थ वाटतो. या रानात कोण कोण राहत होते आणि देवाशी कोणाचे कसे नाते होते, हे मात्र या तिन्ही कथा एकत्र ठेवल्या म्हणजे कळते. आपण पहिलीच कथा मुलांना सांगत आलो, ही आपली उणीव आहे.

येथे एका प्रचलित गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. राणी दुर्गावतीच्या मृत्यूनंतर १५६४ मध्ये आसफखानाने जिंकलेला गढा-मंडल्याचा चौरागड आणि त्रिशुळांचा चौरागड हे एकच, असे पुष्कळ जण सांगतात. ते बरोबर नाही. गोंड राजांचा किल्ला नरसिंहपूर जिल्ह्यात, गाडरवाड्याच्या बाजूस आहे. आपला चौरागड हे पचमढीचे शिखर आहे. नाव सारखे म्हणून इतिहास उसना घेण्याचे कारण नाही. या शिखराच्या परिसराला स्वतःचा इतिहास आहे आणि तो आपल्या मराठी घराण्यांच्या जिव्हाळ्याचा आहे.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला. पुढील वर्षी आप्पासाहेब भोसल्यांना पदच्युत करून इंग्रजांनी अलाहाबादेकडे रवाना केले. वाटेत, जबलपूरच्या अलीकडे, मे १८१८ मध्ये ते पहाऱ्यातून निसटले आणि याच महादेवाच्या डोंगरात शिरले. हर्रईचा गोंड सरदार चैनशहा याने त्यांना आश्रय दिला. गोंड, कोरकू, अरब शिपाई आणि मागाहून पेंढारी चितू असे लोक त्यांच्याभोवती जमले. जुलैमध्ये बैतूलहून निघालेल्या कॅप्टन स्पार्क्सच्या तुकडीचा या लोकांनी धुव्वा उडविला. मुलताईही काही काळ त्यांच्या हाती आली. फेब्रुवारी १८१९ मध्ये इंग्रजी पलटणींनी डोंगर चहूबाजूंनी आवळला, तेव्हा आप्पासाहेब अशीरगडाकडे निसटले. पुढे भटकत ते जोधपूरला पोहोचले व १८४० मध्ये तेथेच निवर्तले.

म्हणजे जवळजवळ नऊ महिने नागपूरच्या गादीचा धनी या डोंगराच्या भरवशावर जगला. ज्या देवगडच्या गोंड राज्यावर भोसल्यांनी अठराव्या शतकात आपला अंमल बसविला, त्याच मुलखातील गोंड सरदाराने भोसल्यांच्या वंशजाला संकटात थारा दिला. आपली बहुतेक घराणी भोसल्यांच्या काळात किंवा त्यानंतर या भागात आली, रुजली, पाटील-मालगुजार झाली. हे ऋण आपल्या बखरवजा कुलकथांत आम्हांस कोठेही सापडले नाही.

चाळीस वर्षांनी तेच पुन्हा घडले. १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात आले, तेव्हा या डोंगरातील कोरकू जहागिरदार भभूतसिंग इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. पुढे त्याला पकडून मृत्युदंड देण्यात आला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने पचमढीत बैठक भरवून त्याचे स्मरण केले. कॅप्टन फोर्सिथ १८६२ मध्ये पचमढीच्या पठारावर आला आणि बंगला बांधून राहिला, हे प्रवाशांना आवर्जून सांगितले जाते. त्याच्या आगमनापूर्वी अवघी काही वर्षे या रानात काय घडले होते, हे सांगणारा मात्र विरळा.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. मराठी बोलणारी आपली सौंसर तहसील छिंदवाडा जिल्ह्यासह मध्य प्रदेशात राहिली. ऑक्टोबर २०२३ पासून ती नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, असा आपला संसार चालला. नातवंडांच्या पाट्यांवरून मराठी अक्षरे उतरत गेली. अशा परिस्थितीत दरवर्षी माघात, आणि पुन्हा श्रावणात नागद्वारच्या वेळी, नागपूर-वर्धा-अमरावतीची बोली गावातून चालत जाते, थांबते, पाणी मागते, भाकर खाते. सीमा कागदावर पडली. यात्रेकरूने ती कधी जुमानली नाही.

नागद्वारविषयी थोडे. नागपंचमीच्या सुमारास, पावसात, निसरड्या कड्यांवरून होणारी ही यात्रा चौरागडाहून कठीण. हा भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येत असल्यामुळे वाट वर्षातून थोडेच दिवस खुली असते. तिच्यावर काजरी नावाचे गाव आहे. मूल झाले तर नागदेवाच्या डोळ्यांत काजळ घालीन, असा नवस एका बाईने केला. नवस फेडण्यास गेली तेव्हा देवाचे विराट रूप पाहून तिचे प्राण गेले. त्यावरून गावाचे नाव पडले, असे सांगतात. नवस मागणे सोपे, देवाच्या समोर उभे राहणे अवघड, हे या कथेइतके थोडक्यात दुसरीकडे कोठे सांगितलेले आम्ही ऐकले नाही.

या वाटेवरची महादेवाची गाणी आता कमी ऐकू येतात. गाड्यांवरील भोंग्यांतून तयार ध्वनिमुद्रणे वाजतात आणि पोह्यातील म्हाताऱ्या बायका गप्प बसून असतात. त्यांच्या गाण्यांत गौरा आहे, सासर-माहेर आहे, घाट आहे, नदीची नावे आहेत. देवळे दुरुस्त होतील, पायऱ्या रुंद होतील; गाणे एकदा गेले की गेले. आपल्या मंडळाच्या सभासदांनी येत्या महाशिवरात्रीस रस्त्याच्या कडेला पाण्याचा माठ ठेवावा, जो आपल्या वडीलधाऱ्यांनी ठेवला होता, आणि माठाजवळ एक वहीही ठेवावी. बायका पाणी पिण्यास थांबतील तेव्हा त्यांना एखादे गाणे म्हणावयास सांगावे व ते गावाच्या नावासह उतरवून घ्यावे. हर्रईकडील, तामियाकडील गोंड आणि कोरकू मंडळींकडेही त्यांच्या कथा मागावयास जावे. दोनशे वर्षांपूर्वी त्यांच्या दारी आपले माणूस आश्रय मागावयास गेले होते. आपण निदान ऐकावयास जाऊ.