एम-१६ : एक रायफल आणि एक विशेषण

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैन्याच्या हाती आलेल्या एम-१६ रायफलीचा इतिहास सामान्यतः शस्त्रविद्येचा विषय मानला जातो. वस्तुतः तो दारूचा, मुलाम्याचा आणि काही अंशी एका विशेषणाचाही इतिहास आहे.

यूजीन स्टोनर व त्यांचे सहकारी यांनी आर्मालाइट कंपनीत या रायफलीची आखणी केली. १९५९ मध्ये तिचे हक्क कोल्ट कंपनीकडे गेले. तिच्या आधीची एम-१४ रायफल चार किलोग्रॅमहून जड होती, तर अ‍ॅल्युमिनियम व प्लास्टिक यांच्या वापरामुळे ही तीन किलोग्रॅमच्या आसपास भरे. काडतूसही ७.६२ ऐवजी ५.५६ मिलिमीटरचे, त्यामुळे शिपायास तेवढ्याच ओझ्यात पुष्कळ अधिक काडतुसे नेता येत. दस्ता नळीच्या सरळ रेषेत असल्याने नळीचे तोंड फारसे उसळत नसे. बार उडताच नळीतील वायूचा काही अंश एका बारीक नलिकेवाटे मागे येऊन थेट बोल्टच्या वाहकास ढकली. रचना सुटसुटीत खरी. परंतु दारूची काजळीही त्याच वाटेने यंत्राच्या पोटात उतरे.

मूळची दारू सळईच्या आकाराच्या कणांची होती. १९६४ मध्ये तिच्या जागी गोल कणांची दारू मान्य करण्यात आली. तीत कॅल्शियम कार्बोनेट होते, व त्याचे किटण वायूच्या नलिकेत साचे. शिवाय गोळीबाराचा वेग वाढून सुट्या भागांवर ताण येई. काडतूस बसते त्या कोठीस क्रोमियमचा मुलामा नव्हता. एम-१४ ला तो होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. दमट हवेत कोठी गंजे, रिकामी पुंगळी आत अडके, आणि नळीच्या तोंडातून गज घालून ती ठोकून काढण्यावाचून गत्यंतर नसे. तो गजही पुष्कळांपाशी नव्हता.

याचे कारण त्या विशेषणात सापडते. ही रायफल ‘स्वतःच स्वच्छ राहणारी’ आहे, अशी समजूत सैन्यात पसरली होती. ‘सफाई कमी लागते’ हे तुलनेचे विधान आहे. ‘सफाई लागत नाही’ हे निरपवाद विधान आहे. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर होण्यास भाषेत फारसे श्रम पडत नाहीत. रणांगणावर मात्र त्याची किंमत पडली. १९६७ च्या वसंतात खे सान्हजवळील टेकड्यांवर मरीन सैनिक लढले, तेव्हा ही रायफल त्यांच्या हाती नुकतीच आली होती. ऐन चकमकीत ती अडकल्याच्या तक्रारी त्यांच्या पत्रांतून घरी, वृत्तपत्रांत व अखेर काँग्रेसमध्ये पोहोचल्या. रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला. काडतुसांतील दोष दूर न करणाऱ्या अधिकाऱ्यांची हयगय गुन्ह्याच्या सीमेवर जाते, असा तिचा अभिप्राय होता. तो कठोर आहे. अन्याय्य म्हणता येत नाही.

सुधारणा त्यानंतर त्वरेने झाल्या, म्हणजे त्या अशक्य कधीच नव्हत्या. कोठीस क्रोमियम चढले, पुढे सबंध नळीसही. दारूतील कॅल्शियम कार्बोनेट घटविण्यात आले. सफाईच्या शिक्षणासाठी चित्रकथाकार विल आइस्नर यांच्याकडून १९६८ मध्ये एक सचित्र पुस्तिका करवून घेतली गेली. प्रथम काडतूसपेटी काढावी, कोठी रिकामी असल्याची खात्री करावी, मग कोठी व बोल्ट घासून पुसावा, असा हाताळणीचा क्रम शिपायांच्या अंगवळणी पाडणे भाग होते. पुढील रायफलींच्या दस्त्यात तर सफाईची साधने ठेवण्यासाठी झाकणाचा एक कप्पाच करण्यात आला.