मुका झालेला संगणक आणि नवी सनद

रात्री बोलता असलेला संगणक सकाळी सुरू करावा तो मुका! लिनक्स वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पुष्कळांना ही यंत्राची लहर वाटते. परंतु इतिहास पाहिला म्हणजे तीत लहर थोडी आणि कार्यकारण फार, असे आपल्याला आढळून येईल.

हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, जगापुढे मांडला. हा गाभा आणि साउंड कार्ड यांच्यामधला दुभाष्या तो ड्रायव्हर. १९९२ मध्ये फिनलंडच्याच हन्नू सावोलाइनेन यांनी साउंड ब्लास्टर कार्डासाठी असा दुभाष्या लिहिला; त्यातून पुढे ‘ओपन साउंड सिस्टिम’ उभी राहिली. १९९८ साली यारोस्लाव्ह किसेला या चेक गृहस्थांनी ‘अल्सा’चे काम आरंभिले आणि डिसेंबर २००३ च्या २.६ या कर्नेलात तिला मानाचे स्थान मिळाले. तिच्यावर २००४ मध्ये ‘पल्सऑडिओ’चा मजला चढला, पुढे ‘पाइपवायर’ आले व २०२१ साली फेडोराने ते स्वीकारले. मजले वाढले तशा आवाज अडण्याच्या जागाही वाढल्या.

पण बिघाड यंत्र पुन्हा सुरू केल्यावरच का उघड होतो? आपला भोरचा मुलूख पंतसचिवांचा. मराठेशाहीत नवा छत्रपती गादीवर बसला की वतनदार आपल्या जुन्या सनदा नव्याने करून घेत. हक्क जुनाच, पण शिक्का नवा हवा. कर्नेलाचेही तसेच आहे. नवे कर्नेल बसवले तरी चालू यंत्रात जुन्याचाच अंमल असतो. सत्तांतर होते ते यंत्र पुन्हा सुरू होताना. बाहेरून बसवलेला ड्रायव्हर जुन्या कर्नेलासाठी घडवलेला असला, तर नवे कर्नेल त्याला दारातच अडवते. ही सनद आपोआप नवी व्हावी म्हणून डेल कंपनीने २००३ मध्ये ‘डीकेएमएस’ ही योजना काढली.

आणखी दोन कारणे आहेत. अल्सामध्ये आवाजाच्या वाहिन्या मुळात बंद असतात. त्यांची स्थिती यंत्र बंद होताना टिपून ठेवावी लागते आणि सुरू होताना परत आणावी लागते. ती टिपणी हुकली की कार्ड धडधाकट, पण आवाज शून्य. दुसरे असे की, कार्डांना क्रमांक मिळतो तो सापडण्याच्या क्रमाने. पडद्याच्या केबलीतून जाणारे कार्ड आधी सापडले, तर सारा आवाज तिकडे जातो आणि स्पीकर गप्प बसतो.

म्हणून उपायही क्रमाने करावेत. आधी वाहिनी बंद नाही ना, हे पाहावे. मग कार्डांची यादी वाचावी. कार्ड यादीत असेल, तर दोष आवाजाच्या वाटेत आहे. नसेल, तर ड्रायव्हरकडे संशय न्यावा. तेव्हा सुरुवातीच्या यादीतून जुने कर्नेल निवडून यंत्र चालवावे. आवाज परतला, तर सनदेचाच घोटाळा समजावा. सगळी प्रणाली पुसून नव्याने बसवणे म्हणजे कुलूप अडले म्हणून वाडा पाडणे होय.

हा प्रश्न करमणुकीपुरता नाही. ‘ओर्का’ हा पडदा वाचून दाखविणारा कार्यक्रम २००६ पासून ग्नोमबरोबर मिळू लागला, आणि ‘ईस्पीक’च्या आवाजात मराठीही ऐकता येते. डोळस माणसाचा आवाज गेला तर त्याचे गाणे थांबते. दृष्टिहीनाचा आवाज गेला तर त्याचा पडदाच विझतो, आणि दुरुस्तीच्या सूचना वाचण्याचे साधनही त्याबरोबरच जाते. कामथडीसारख्या गावात अशा वेळी जाणता शेजारी हाच आधार. म्हणून ही विद्या तज्ज्ञांच्या हवाली करून आपल्याला मोकळे होता येणार नाही. मुक्या यंत्राला बोलते करण्याचे हे चार टप्पे प्रत्येक गावात निदान दोघांना तरी ठाऊक असलेच पाहिजेत.