प्रौढ वयात परिचर्या व्यवसायात प्रवेश : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

परिचर्या हा शालेय शिक्षण संपताच निवडावयाचा व्यवसाय आहे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. तिशी ओलांडलेली, संसार सांभाळणारी एखादी स्त्री परिचारिका होण्याची इच्छा बोलून दाखवते, तेव्हा ‘आता या वयात?’ हा प्रश्न तिला प्रथम ऐकावा लागतो. तथापि, आधुनिक परिचर्येचा आरंभीचा इतिहास पाहिला असता वेगळे चित्र दिसते. ज्या काळात हा व्यवसाय आकाराला आला, त्या काळात प्रौढत्व ही उणीव नसून पात्रता मानली जात होती. ही पात्रता पुढे मर्यादा कशी बनली आणि या बदलात स्त्रियांनी काय मिळवले व काय गमावले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पाश्चात्य पार्श्वभूमी

आधुनिक परिचर्येच्या प्रवर्तक फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०-१९१०) यांनी कुटुंबाच्या विरोधामुळे दीर्घकाळ प्रतीक्षा केली. जर्मनीतील कैसर्सवेर्थ येथे त्यांनी १८५१ मध्ये प्रशिक्षण घेतले, तेव्हा त्या ३१ वर्षांच्या होत्या. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने प्रशिक्षणशाळा सुरू झाली. तेथील नियमांत उमेदवारांचे इष्ट वय २५ ते ३५ वर्षे असे नमूद होते. अमेरिकेतील यादवी युद्धात लष्करी परिचारिकांच्या प्रमुख डोरोथिया डिक्स यांनी १८६२ मध्ये ३५ ते ५० वर्षे वयाची व साध्या पोशाखाची अट घातली. त्या स्वतः साठीच्या घरात होत्या. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये मृत्युदंड दिल्या गेलेल्या एडिथ कॅव्हेल यांनीही काही वर्षे खासगी शिक्षिका म्हणून काम केल्यानंतर १८९६ मध्ये, वयाच्या तिशीत, प्रशिक्षणास प्रारंभ केला होता.

या अटींमागे केवळ अनुभवाचा आदर नव्हता. परक्या पुरुषांची शुश्रूषा करणाऱ्या तरुण स्त्रीकडे समाज संशयाने पाहत असे. त्यामुळे प्रौढ वय हे तिच्या प्रतिष्ठेचे संरक्षक कवच समजले गेले.

महाराष्ट्रातील अनुभव

मुंबईत परिचारिकांच्या प्रशिक्षणाचा प्रारंभ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी दाखल झालेल्या बाई काशीबाई गणपत यांची पहिल्या भारतीय परिचारिका-विद्यार्थिनी म्हणून नोंद केली जाते. परंतु हिंदू मध्यमवर्गीय स्त्रियांना या क्षेत्राकडे वळवण्याचे संघटित कार्य पुण्याच्या सेवासदनाने केले. न्यायमूर्ती रानडे यांचे १९०१ मध्ये निधन झाले, तेव्हा रमाबाईंनी चाळिशीही गाठली नव्हती. वैधव्यानंतरचे आयुष्य त्यांनी सार्वजनिक कार्यास वाहिले. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाच्या त्या अध्यक्षा होत्या व गोपाळ कृष्ण देवधर त्यांचे प्रमुख सहकारी होते.

सेवासदनाच्या कार्यपद्धतीत एक महत्त्वाचा क्रम दिसतो. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी प्रथम प्राथमिक शिक्षणाचे वर्ग चालवले गेले. त्यानंतर अध्यापन अथवा परिचर्या यांसारख्या उपजीविकेचा मार्ग त्यांच्यापुढे ठेवला गेला. परिचर्येचे प्रशिक्षण ससून रुग्णालयात होत असे. बालपणी विवाह आणि अल्पवयात वैधव्य आलेल्या स्त्रीला पंचविशीतच आपले आयुष्य संपले असे वाटावे, अशी तेव्हाची परिस्थिती होती. अशा स्त्रीच्या दृष्टीने रुग्णालय हा दुसऱ्या आयुष्याचा आरंभ होता. मात्र त्यासाठी तिला विटाळाच्या कल्पना, परजातीच्या रुग्णाचा स्पर्श आणि रात्रपाळीबद्दलची कुजबुज या तिन्हींना तोंड द्यावे लागले.

येथे एक गोष्ट विसरता येणार नाही. गावोगावच्या सुईणी बहुधा ज्या जातींना कनिष्ठ लेखले जाई त्या जातींतील होत्या. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम केले होते. परंतु त्यांच्या कौशल्याला व्यवसायाचा दर्जा मिळाला नाही. दुसरे असे की, ‘निराधार स्त्रियांचा आसरा’ ही ओळख परिचर्येला चिकटली आणि तिची सामाजिक प्रतिष्ठा दीर्घकाळ मर्यादित राहिली.

नियमन आणि वयोमर्यादा

१९३५ च्या मुंबई परिचारिका, प्रसाविका व आरोग्य अभ्यागत नोंदणी अधिनियमाने या व्यवसायाला कायद्याची चौकट दिली. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात देशात सुमारे ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका असल्याचे नमूद आहे. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषद अधिनियम संमत झाला. प्रशिक्षणात एकसूत्रता आली, दर्जा उंचावला. पण त्याबरोबरच शालेय पात्रता व वय यांच्या अटीही निश्चित झाल्या. परिषदेच्या २०१५ च्या जी.एन.एम. अभ्यासक्रमात किमान वय १७ व कमाल वय ३५ असे होते, आधीच ए.एन.एम. असलेल्यांना मात्र वयाची अट नव्हती.

ही दरी भरून काढण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न दुर्गाबाई देशमुख यांच्या पुढाकाराने झाला. केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रम सुरू केले. शाळा सुटलेल्या स्त्रियांना अल्पावधीत आवश्यक परीक्षेपर्यंत नेणे व परिचारिका, प्रसाविका, शिक्षिका यांसारख्या कामांसाठी पात्र करणे, हा त्यांचा हेतू होता. सेवासदनाने जे केले, तेच आता शासकीय पातळीवर घडत होते.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ स्वयंसेविकेची योजना आली. त्या निवडीत २५ ते ४५ वयोगटातील विवाहित, विधवा अथवा घटस्फोटित स्थानिक स्त्रीला प्राधान्य देण्यात आले. म्हणजेच प्रौढत्वाचे मूल्य शासनाने पुन्हा ओळखले. परंतु त्या स्त्रीला परिचारिकेचा दर्जा व वेतनश्रेणी न देता मानद स्वयंसेविका ठरवले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, परिचर्येत ‘उशीर’ ही कल्पना कामाच्या स्वरूपातून आलेली नसून ती प्रामुख्याने नियमांनी घडवली आहे. दार उघडे होते तेव्हा प्रतिष्ठा कमी होती. प्रतिष्ठा वाढली तेव्हा दार अरुंद झाले. जगण्याचा अनुभव घेऊन आलेल्या स्त्रीला दर्जेदार प्रशिक्षण आणि पूर्ण व्यावसायिक मान या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळाव्यात, ही अपेक्षा अद्याप अपुरी आहे. म्हणून ‘आता या वयात?’ हा प्रश्न त्या स्त्रीला विचारण्याऐवजी व्यवस्थेला विचारणे अधिक योग्य ठरेल.