वेशीबाहेरची उपासना : दुष्काळ, भाकरी आणि मराठवाड्यातील ख्रिस्ती

भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. केळणा नदीकाठच्या या नगरातील माणसांची नावे दूर माळव्यात, सांचीच्या स्तूपावर दानकर्ते म्हणून कोरलेली आढळतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथील माणूस आपली श्रद्धा निवडत होता आणि तिच्यासाठी परमुलखात दान धाडत होता. हा धागा त्याच परिसरातील एका अलीकडच्या निवडीविषयी आहे. ती निवड हाती दान असलेल्यांनी केलेली नव्हती, पोट रिकामे असलेल्यांनी केली होती.

एकोणिसाव्या शतकात भोकरदन आणि जालना ही दोन्ही गावे निजामाच्या राज्यात, औरंगाबादच्या मुलखात मोडत. (स्वतंत्र जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी.) जालन्याला मोठी बाजारपेठ होती, लष्करी छावणी होती. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण त्या वैभवाची. पाळण्यात कोण निजत होते आणि तो कोण झुलवत होते, याबद्दल मात्र म्हण काही सांगत नाही.

१८६० नंतरच्या दशकात या जालन्यात नारायण शेषाद्री आले. जन्माने ब्राह्मण, १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. त्यांच्यामागोमाग धाकटा भाऊ श्रीपतही मिशनरींकडे राहू लागला, तेव्हा वडिलांनी न्यायालयात धाव घेऊन मुलगा परत मिळवला. पण मिशनरींच्या घरी जेवलेल्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावर मुंबईत प्रचंड वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्याबद्दल त्यांना पुष्कळ सोसावे लागले. धर्मांतराची किंमत घरादाराला कशी मोजावी लागते, हे शेषाद्रींना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

जालना परिसरात शेषाद्रींकडे आले ते मात्र ब्राह्मण नव्हते. मुख्यतः मातंग होते (तेव्हाच्या कागदपत्रांत ‘मांग’), महारही होते. गावगाड्यातले त्यांचे स्थान वेशीबाहेरचे. त्या स्थानाचे दुःख १८५५ मध्येच छापील मराठीत उमटले होते. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला होता. धर्मग्रंथ ज्यांना बंद आहेत त्यांचा धर्म कोणता, हे देवानेच सांगावे, असे तिचे मागणे होते. एका शाळकरी मुलीने विचारलेला हा प्रश्न पुढील शंभर वर्षे महाराष्ट्राला पुरला.

निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात शेषाद्रींना जालन्याजवळ जमीन मिळाली. तेथे त्यांनी नवख्रिस्ती कुटुंबांचे गाव वसवले आणि त्याला नाव दिले बेथेल. हिब्रू भाषेत त्याचा अर्थ देवाचे घर. हे नाव उगीच निवडलेले दिसत नाही.

बायबलमधील बेथेलची कथा एका परागंदा माणसाची आहे. भावाच्या रागाला भिऊन पळालेला याकोब उघड्या माळावर दगड उशाशी घेऊन झोपतो. स्वप्नात त्याला स्वर्गापर्यंत पोहोचलेली शिडी दिसते. जागा झाल्यावर तो त्या माळालाच देवाचे घर म्हणतो आणि नवस करतो : देवाने वाटेत मला सांभाळले, खायला अन्न आणि ल्यायला वस्त्र दिले, तर तो माझा देव होईल.

खायला अन्न, ल्यायला वस्त्र. पुढे दुष्काळात ख्रिस्ती झालेल्यांवर जो आरोप झाला, ‘भाकरीसाठी बाटले’, तो याकोबाच्या नवसात जसाच्या तसा आहे. इस्राएलच्या त्या मूळपुरुषाला मात्र कोणी भाकरीचा भक्त म्हटले नाही.

आता दुष्काळाकडे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन होरपळून निघाले. पुढे नेमलेल्या दुष्काळ आयोगाने केवळ ब्रिटिश मुलखातील जादा मृत्यूंचा अंदाज पन्नास लाखांहून अधिक मांडला. सर रिचर्ड टेंपल यांनी तेथील दुष्काळी कामांवर धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा एवढी मजुरी ठरवली. तिच्याविरुद्ध मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याची सार्वजनिक सभा लढली. अशा वेळी मिशनच्या दारातील धान्य पाहून माणसे वळली असतील, यात नवल नाही. काही वळली आणि पाऊस पडल्यावर परतलीही.

पण सगळ्यांचा हिशेब भाकरीने जुळत नाही. तेलुगू मुलखातील ओंगोलचे उदाहरण येथे बोलके आहे. तेथील अमेरिकन मिशनरी जॉन क्लाऊ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईवर दुष्काळग्रस्तांना काम दिले; त्यांत मातंगांसारखेच वेशीबाहेर ठेवलेले मादिगा बहुसंख्य होते. लोक बाप्तिस्मा मागू लागले, तेव्हा धान्यासाठी येणारे कोण आणि श्रद्धेने येणारे कोण हे कळावे म्हणून क्लाऊ यांनी मदतकार्य चालू असेतो बाप्तिस्मे बंद ठेवले. मदत संपली, वाटायला काही उरले नाही. लोक तरीही आले. ३ जुलै १८७८ या एकाच दिवशी २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला.

आणि राहणाऱ्याला काय द्यावे लागे? बलुत्यातील वाटा धोक्यात येई, सोयरीक तुटे, भावकीचे पाणी बंद होई. दोन महिन्यांच्या ज्वारीसाठी कोणी एवढा सौदा करत नाही. केलाच, तर पिढ्यान्‌पिढ्या निभावत नाही.

पंडिता रमाबाईंची कहाणी याच दुष्काळी दशकातील, पण दुसऱ्या टोकाची. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तीर्थे, व्रते, दाने यांत होते नव्हते ते संपवले. देव प्रसन्न होईल या आशेवर कुटुंब उपाशी राहिले आणि १८७४ च्या सुमारास आईवडील गेले. रमाबाईंची जुनी उपासना त्या उपासमारीत मोडली. नवी मात्र लगेच आली नाही. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधील. मधल्या वर्षांत त्या संस्कृत विदुषी म्हणून गाजल्या, विवाह झाला, वैधव्य आले. भूक माणसाला जुन्या देवघरातून बाहेर काढू शकते. दुसऱ्या देवघरात नेऊन बसवणे तिच्या हाती नसते.

पुढे रमाबाईंनी १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून शेकडो मुली केडगावला आणल्या. तेथील मुक्ति मिशनमध्ये १९०५ च्या जूनअखेरीस एक विलक्षण गोष्ट घडली. मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, हुंदके देऊ लागल्या. तास न्‌ तास ते चाले. शिस्तबद्ध इंग्रजी उपासनेला सरावलेल्यांना तो गोंगाट वाटला. हिंदी माणसाने आपल्या स्वभावानुसार उपासना करावी, अशी बाजू रमाबाईंनी घेतली. आईबाप डोळ्यांदेखत गमावलेल्या मुलींनी खालच्या पट्टीत का रडावे?

शेवटी हा प्रश्न भाषेचाही होता. सुरुवातीची मराठी ख्रिस्ती गीते बरीचशी इंग्रजी चालींवर बेतलेली. दुःख सांगायला ती तोकडी पडत. कारण दुःखाची मराठी संतांनी आधीच घडवून ठेवली होती. पंढरीच्या देवळाबाहेर उभा राहिलेला आणि मंगळवेढ्याच्या गावकुसाखाली गाडला गेलेला चोखामेळा या मातीला परका नव्हता. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी ते ओळखले. त्यांनी अभंगाच्या, पदांच्या वळणाने गीते रचली. ख्रिस्ताला गुरुमाउली केले. आजही ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात सर्वाधिक ठसा त्यांचाच आहे. आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशूने वेशीबाहेर दुःख सोसले असे म्हटले आहे, हे मातंगवाड्यात वेगळे समजावून सांगावे लागले नसेल.

या निवडीने जात सुटली का? पूर्ण नाही. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना डॉ. आंबेडकरांनी सामाजिक अन्यायाशी न लढण्याबद्दल त्यांना स्पष्ट शब्दांत सुनावले होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तर ख्रिस्ती झालेल्या मातंग-महारांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. एकेकाळी भाकरीसाठी गेले म्हणून हिणवलेल्यांच्या वंशजांना तेथेच राहण्यापायी भाकरीवर पाणी सोडावे लागते. शासनाचे कागद याला लाभ-हानी म्हणतात.

गुड फ्रायडे, मराठी मंडळ्यांचा उत्तम शुक्रवार, बहुधा चैत्राच्या उन्हात येतो. मराठवाड्यात तेव्हा विहिरींनी तळ गाठलेला असतो. दुपारी बारा ते तीन या वेळेत वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन चालते. त्यांतला पाचवा उद्गार तहानेचा आहे.