'नंबर लागेल का?' : वैद्यकीय प्रवेशाच्या मुलाखतीचा इतिहास



बारावीचा निकाल हाती आला की आपल्या मोहल्ल्यातील प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारला जातो, "सर, नंबर लागेल का?" मुलगी डॉक्टर व्हावी म्हणून आईने दोन-दोन बांगड्या बाजूला काढून ठेवलेल्या असतात, वडिलांनी ओव्हरटाइम केलेला असतो. अशा वेळी शिक्षकाच्या तोंडून बाहेर पडणारा 'हो' किंवा 'नाही' हा शब्द फार जड असतो. तो शब्द किती जपून उच्चारावा हे मला इतिहासाने शिकवले, आणि माझ्या हातून घडलेल्या एका चुकीनेही शिकवले. त्या दोहोंविषयी या लेखात लिहावे असे मनात आहे.

आज आपल्या देशात एम.बी.बी.एस.च्या प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी मुलाखत होत नाही. परंतु एक काळ असा होता की लेखी परीक्षेच्या गुणांत मुलाखतीचे गुण मिळवून यादी तयार होत असे. मुलाखतीचे बोलावणे आले म्हणजे अर्धे काम फत्ते झाले, असे घरच्यांना वाटे. प्रत्यक्षात खरी अनिश्चितता तेथूनच सुरू होई.

म्हैसूर, १९६४

या इतिहासातील पहिला मोठा टप्पा म्हणजे चित्रलेखा विरुद्ध म्हैसूर राज्य हा खटला. वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी म्हैसूर सरकारने मुलाखतीला गुण ठेवले होते. परीक्षेतील ऐच्छिक विषयांच्या एकूण गुणांच्या २५ टक्के इतके ते गुण होते. सामान्य ज्ञान, व्यक्तिमत्त्व, कल, पूर्वीची शैक्षणिक कारकीर्द, एन.सी.सी., खेळ, वादविवाद अशा गोष्टी पाहून ते द्यावयाचे होते. नापास ठरलेले विद्यार्थी न्यायालयात गेले. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. बहुमताने मुलाखतीची पद्धत वैध ठरली. न्यायमूर्ती मुधोळकर यांनी मात्र आपले वेगळे मत नोंदविले. केवळ पाठांतराने डॉक्टर घडत नाही, माणूसही पाहिला पाहिजे, हा मुलाखतीमागचा विचार काही वाईट नव्हता. प्रश्न होता तो माणूस पाहणार कसा, आणि किती वेळ पाहणार, हा.

मद्रास, १९७०

दुसरा टप्पा तामिळनाडूचा. तेथे एम.बी.बी.एस.च्या प्रवेशासाठी मुलाखतीला ७५ गुण होते. खेळ व एन.सी.सी., समाजसेवा, शरीरप्रकृती, सर्वसाधारण कुवत आणि वैद्यकाचा कल, अशा पाच बाबींचा विचार करून ते द्यावेत असे ठरले होते. पेरियाकरुप्पन विरुद्ध तामिळनाडू राज्य या १९७० सालच्या खटल्यात गुणपत्रके न्यायालयापुढे आली, तेव्हा असे दिसले की प्रत्येक बाबीचे वेगळे गुण न लिहिता सरसकट एकच आकडा टाकला होता. हे बेकायदेशीर आहे, असे न्यायालयाने ठरविले. मुलाखतीची पद्धत निरुपयोगी आहे असे त्याने म्हटले नाही, पण हिशेब स्वच्छ हवा हा आग्रह धरला.

आता पालकहो, त्या वेळच्या विद्यार्थ्याच्या जागी स्वतःला उभे करून पाहा. परीक्षेतील आपले गुण त्याला ठाऊक होते. मुलाखतीतील उत्तरे बरी गेली की वाईट, हेही त्याला थोडेफार कळले असेल. परंतु गुण कोणत्या बाबीला किती मिळाले हे जर समितीनेच लिहिले नसेल, तर त्याने आपल्या नंबराचा अंदाज बांधावा तरी कशावरून? साहेब हसले, साहेबांनी वडिलांचे नाव विचारले, साहेबांनी मान डोलावली, अशा खुणांवरच त्याला महिनाभर जगावे लागे.

श्रीनगर, १९८०

तिसरा टप्पा वैद्यकीय महाविद्यालयाचा नाही, पण वैद्यकीय प्रवेशांनाही दिशा देणारा ठरला. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० गुण आणि मुलाखतीला ५० गुण होते. म्हणजे एकूण गुणांपैकी एक तृतीयांश गुण तोंडी ठरत होते. अर्जदारांचे म्हणणे असे की सरासरी दोन-तीन मिनिटांत मुलाखत आटोपली आणि विचारले काय, तर वडील कोण व राहता कोठे!

या आकड्यांचा अर्थ साध्या उदाहरणाने कळेल. समजा एकाला लेखीत ८२ आणि मुलाखतीत १२ गुण मिळाले, तर बेरीज झाली ९४. दुसऱ्याला लेखीत ६५ आणि मुलाखतीत ४० मिळाले, तर बेरीज १०५. वर्षभर दिव्याखाली बसून मिळविलेली सतरा गुणांची आघाडी तीन मिनिटांत बुडाली.

अजय हासिया विरुद्ध खालिद मुजीब या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी नोव्हेंबर १९८० मध्ये निकाल दिला. अशा प्रवेशात मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानी ठरेल आणि ते घटनेच्या चौदाव्या कलमातील समानतेच्या तत्त्वाला धरून होणार नाही, असे त्यात सांगितले. मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, अशी सूचनाही केली. ज्याच्या पाठीशी ओळख नाही, वशिला नाही, अशा घरातील मुलाला या निकालाने केवढा आधार दिला, हे वेगळे सांगावयास नको.

दोन गुणांची गोष्ट

परदेशातील एक प्रसिद्ध उदाहरणही जाणून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयात १०० जागा होत्या, त्यांपैकी १६ विशेष प्रवेशासाठी राखून ठेवल्या होत्या. १९७३ साली ॲलन बाकी नावाच्या उमेदवाराला मुलाखतीचे बोलावणे आले. मुलाखत चांगली झाली. त्याला ५०० पैकी ४६८ गुण मिळाले. परंतु त्याचा अर्ज उशिरा पूर्ण झाला होता, आणि त्यानंतर सर्वसाधारण जागांवर ४७० पेक्षा कमी गुणांच्या कोणालाही घेतले गेले नाही. दोन गुण कमी पडले! पुढील वर्षी ६०० पैकी ५४९ गुण मिळूनही त्याला नकार आला. तो न्यायालयात गेला. १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठराविक जागा राखण्याची ती पद्धत रद्द करून त्याला प्रवेश देवविला. त्याच निकालाने वंशाचा विचार एक बाब म्हणून करण्यास मुभा ठेवली होती. ती मुभा २०२३ साली त्याच न्यायालयाने काढून घेतली.

आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू कोणती हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. आपल्या उपयोगाचा धडा दुसराच आहे. ४६८ हा आकडा स्वतः चांगला किंवा वाईट नव्हता. तो कोणत्या तारखेला, कोणत्या गटात आणि किती जागांपुढे उभा होता, यावर त्याची किंमत ठरली.

मुलाखतीच्या पद्धतीत सुधारणाही झाल्या. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने एकाच लांब मुलाखतीऐवजी अनेक छोट्या मुलाखतींची पद्धत शोधून काढली. उमेदवार एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक वेगळा प्रसंग देतो. एका माणसाच्या लहरीवर सारे अवलंबून राहू नये, हा त्यातील हेतू. ही पद्धत २००४ नंतर अनेक देशांत पसरली.

एक देश, एक परीक्षा

आपल्या देशाने मात्र वेगळी वाट धरली. १९८४ सालच्या प्रदीप जैन खटल्यानंतर सरकारी महाविद्यालयांतील काही जागा सर्व देशासाठी खुल्या झाल्या. पुढे एम.बी.बी.एस.साठी हे प्रमाण १५ टक्के ठरले आणि त्यासाठी अखिल भारतीय परीक्षा सुरू झाली. २००५ साली पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सात न्यायमूर्तींनी सांगितले की विनाअनुदानित खाजगी व अल्पसंख्याक संस्थांवर सरकारला आपला कोटा लादता येणार नाही, परंतु त्यांचे प्रवेश न्याय्य, पारदर्शक आणि शोषणमुक्त असलेच पाहिजेत. २०१३ साली 'नीट' परीक्षा आली, त्याच वर्षी न्यायालयात रद्द झाली आणि २०१६ साली पुन्हा लागू झाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या नामवंत अल्पसंख्याक संस्थेच्या प्रकरणातही २०२० साली न्यायालयाने हेच सांगितले की 'नीट' सर्वांना लागू आहे आणि तिने अल्पसंख्याकांचे हक्क हिरावले जात नाहीत.

याचा व्यावहारिक अर्थ लक्षात घ्या. आपल्या समाजाच्या संस्थेत समाजासाठी जागा असू शकतात, पण त्या जागेवरही 'नीट'च्या गुणवत्तेनेच जावे लागते. म्हणून कोणी येऊन सांगू लागला की, "चाचा, कॉलेजात मुलाखत करवून देतो, नंबर पक्का, फक्त टोकन द्या," तर त्याला दारातूनच सलाम करा. दोन वर्षांपूर्वी एक पालक दागिने मोडण्याआधी माझ्याकडे विचारावयास आले, म्हणून वाचले. सर्वच विचारावयास येत नाहीत.

माझी चूक

आता वर म्हटलेली चूक. २०१७ साली माझ्या एका हुशार विद्यार्थिनीने 'नीट'चे गुण मला दाखविले. मी आदल्या वर्षीच्या यादीतील गुण पाहिले आणि छातीठोकपणे सांगितले, "बेटी, तुझा नंबर लागला असे समज." माझ्या शब्दावर विसंबून तिने पसंतीक्रमात मोजकीच महाविद्यालये भरली. गुणांची तुलना गुणांशी करावयाची नसते, क्रमांकाशी करावयाची असते, हे मला तेव्हा समजले नव्हते. तिचा नंबर लागला नाही. पुढील वर्षी तिने युनानीला प्रवेश घेतला आणि आज ती पदवीधर हकीम आहे. भेटली की अदबीने सलाम करते. परंतु तिचे ते एक वर्ष माझ्या खाती जमा आहे, असे मी मानतो.

माझी चूक किती मोठी होती हे पुढच्या आकड्यांवरून कळेल. २०२४ साली अंतिम निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते, आणि २०२५ साली देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते. म्हणजे एका वर्षी जे गुण पुष्कळ जणांच्या मागे नेऊन बसवितात, तेच दुसऱ्या वर्षी सर्वांच्या पुढे नेतात.

म्हणून मित्रहो, आपला अंदाज बांधताना चार गोष्टी पाहा. पहिली, गुणांऐवजी क्रमांक. दुसरी, आपला गट आणि त्या गटातील जागा. पिंजारी, तांबोळी, बागवान अशा अनेक मुस्लिम जमाती आपल्या राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत, मग जात वैधतेचा आणि नॉन-क्रीमीलेअरचा दाखला निकालाआधीच तयार ठेवा. बाकीच्या अर्जाला उशीर झाला होता, आपल्या दाखल्याला होऊ नये. तिसरी, मागील दोन-तीन वर्षांत प्रत्येक फेरीत शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकावर झाला ती यादी, कारण पहिल्या फेरीत बंद झालेले दार पुढच्या फेरीत कधी कधी उघडते. चौथी, पसंतीक्रम लांब भरा. आवडीचे महाविद्यालय वर ठेवा, परंतु खालची जागा रिकामी ठेवू नका.

चित्रलेखापासून आजपर्यंतच्या या खटल्यांपैकी कित्येकांत विद्यार्थ्यांच्या मनात एकच मागणी होती, की आमचा नंबर कसा ठरला ते आम्हाला दिसू द्या. आज ते पुष्कळसे दिसते. याद्या छापलेल्या असतात, नियम लिहिलेले असतात. तोंडओळखीच्या भरवशावर बसण्यापेक्षा कागद-पेन्सिल घेऊन त्या याद्यांपुढे बसणे आपल्या हातात आहे. पुढच्या वर्षी कोणी मला विचारले, "सर, नंबर लागेल का?" तर मी 'हो' म्हणणार नाही आणि 'नाही'ही म्हणणार नाही. मी म्हणेन, "बेटा, खुर्ची ओढ, यादी काढ, आपण दोघे मिळून पाहू."