वापर : असल्यास, नसल्यास

परवा भाच्याच्या काळ्या पडद्यावर एक आज्ञा देऊन बघण्याचा मोह मला झाला. एका फाईलची नक्कल करायची, एवढंच. ‘सीपी’ ही दोन अक्षरं टाइप करून ऐटीत एंटर दाबलं. यंत्रानं ‘वापर :’ असं म्हणून कंस आणि टिंबांनी भरलेली एक ओळ माझ्या तोंडावर फेकली.

“मामा, चुकलात,” भाचा म्हणाला.

मी दचकलो ते वेगळ्याच कारणानं. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. गेली वीस वर्षं बँकेच्या खिडकीतून मी याच आवाजात बोलतो आहे!

या आवाजाचं घराणं शोधत गेलो तो थेट अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये पोहोचलो. १९६९ साली तिथं केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा संसार मांडला. पुढ्यात पडदा नव्हता. होता तो सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं छापणारा, खडखडाट करणारा टेलिटाइप. अशा यंत्रापुढे माणूस आपोआप मितभाषी होतो. ‘कॉपी’चं सीपी झालं, ‘मूव्ह’चं एमव्ही. नवी फाईल काढण्याच्या ‘क्रिएट’चा शेवटचा ‘ई’सुद्धा छाटला गेला. युनिक्स पुन्हा करायचं झालं तर काय बदलाल, असं पुढे टॉम्प्सनना कुणीतरी विचारलं, तेव्हा तो ‘ई’ घालीन म्हणाले!

त्यांच्या ‘एड’ या संपादकानं तर कमालच केली. मजकूर दुरुस्त करताना तुमचं काहीही चुकलं, की तो फक्त ‘?’ छापायचा. काय चुकलं, कुठं चुकलं, तुमचं तुम्ही बघा. आमच्या एका जुन्या हेडकॅशियरची भुवई अश्शीच वर जायची.

त्यामानानं ‘वापर’ची ओळ म्हणजे वक्तृत्वच म्हणायचं. तिची लिपी मला भाच्यानं सांगायच्या आधीच कळली. चौकटी कंस म्हणजे आपल्या फॉर्मवरचं ‘असल्यास’. मधली उभी रेघ म्हणजे ‘लागू नसेल ते खोडावे’. तीन टिंबं म्हणजे ‘जागा न पुरल्यास जादा कागद जोडावा’.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांची आपसातली शिस्त याहून कडक. कर्निघन आणि रिची यांच्या १९७८ च्या ‘सी’ भाषेवरच्या पुस्तकात ‘जर’चा महिरपी कंस त्याच ओळीत उघडतो. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाच्या नियमांत तो खालच्या ओळीवर उतरतो. यावरून सोवळ्याओवळ्याचे वाद! लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्स यांनी समास आठ अक्षरांचा ठरवला, आणि आपल्या नियमावलीत वर सुचवलं, की ग्नूचे नियम छापून घ्या, वाचू नका, जाळा. गंमत म्हणजे सी भाषेत यंत्राला या कंसांच्या जागेचं सोयरसुतक नाही. हा सगळा खटाटोप उद्या ते लिखाण वाचणाऱ्या दुसऱ्या माणसासाठी. २००९ साली गो भाषा आली ती मांडणी करून देणारा प्रोग्राम सोबत घेऊनच. भांडण मिटलं. भांडायची मजाही गेली म्हणा.

पण ज्यांची होळी करायची त्या ग्नूच्या नियमांतलं एक कलम मला फार आवडलं. ‘हेल्प’ म्हटलं, की प्रत्येक प्रोग्रामनं आपला वापर नेहमीच्या वाटेनं सांगायचा, आणि ‘काम यशस्वी’ अशी नोंद करून थांबायचं. चुकीची आज्ञा दिलीत तर समज मिळते ती चुकांच्या वेगळ्या वाटेनं, आणि नोंद होते अपयशाची. मजकूर पुष्कळदा तोच, खाती दोन. बी. कॉम. माणसाला हे चटकन कळतं. विचारणाऱ्याच्या नावे चूक टाकायची नाही.

दुसऱ्याच दिवशी खिडकीशी एक आजी आल्या. पैसे काढायची स्लिप पुढे केली. अक्षरी रकमेची जागा कोरी. माझा हात सवयीनं स्लिप परत सरकवू लागला; ‘बरोबर भरून आणा’ हे ओठांवर आलंच होतं.

“बाळा, इथं काय लिहायचं रे?” आजींनी विचारलं.

मी पेन काढलं, खुर्ची पुढे ओढली आणि सांगू लागलो. मागे रांगेत अकरा जण होते. अकराही जणांनी ‘एड’सारखं माझ्याकडे बघितलं.