लिनक्स कर्नल : प्रोसेसरभेद आणि कोडची पुनरुक्ती

संगणकाचे हार्डवेअर आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यात मध्यस्थी करणारा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. कामांचे वेळापत्रक, फाइलव्यवस्था, नेटवर्क ही त्याची बरीचशी कामे कोणत्याही प्रोसेसरवर सारखीच असतात. पेज टेबलांची रचना, इंटरप्टची हाताळणी आणि यंत्र सुरू होतानाची पहिली पावले मात्र प्रोसेसरगणिक बदलतात. लिनक्समध्ये असा प्रोसेसरनिष्ठ कोड ‘आर्च’ या डिरेक्टरीत प्रत्येक प्रोसेसर-कुळासाठी स्वतंत्र ठेवतात. जुन्याशी मिळताजुळता नवा प्रोसेसर आला, की जुन्या कोडची प्रत काढून तीत फेरफार करणे हा सर्वांत सोपा मार्ग असतो. पुनरुक्ती शिरते ती याच वाटेने.

दोन प्रतींची किंमत

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहिले ते इंटेलच्या ८०३८६ या ३२ बिटी प्रोसेसरसाठी. एएमडीने याच कुळाचा ६४ बिटी विस्तार केला आणि २००३ मध्ये ऑप्टेरॉन बाजारात आणला. त्यासाठी कर्नलमध्ये ‘आय३८६’शेजारी ‘एक्स८६_६४’ ही वेगळी डिरेक्टरी उभी राहिली. प्रारंभी हा निर्णय गैर नव्हता. जुन्या यंत्रांचे ओझे न बाळगता नवी मांडणी स्वच्छ ठेवता येत होती. पुढे मात्र तीच सुधारणा दोनदा करावी लागू लागली. प्रोसेसर रिकामा असताना त्याला वारंवार जागे न करणारी ‘टिकलेस’ पद्धत ३२ बिटी कर्नलला एप्रिल २००७ मधील २.६.२१ या आवृत्तीत मिळाली. ६४ बिटीला २.६.२४ पर्यंत थांबावे लागले.

त्याच २.६.२४ मध्ये, म्हणजे जानेवारी २००८ मध्ये, थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांच्या पुढाकाराने दोन्ही डिरेक्टरी ‘एक्स८६’ या एकाच नावाखाली आल्या. त्यांनी अवलंबलेला क्रम अभ्यासण्याजोगा आहे. आधी फाइली केवळ हलवल्या. ज्यांची नावे सारखी पण मजकूर भिन्न होता, त्यांना ‘_३२’ आणि ‘_६४’ असे प्रत्यय दिले. वर्तनात बदल करायचा नाही, हे या पायरीचे पथ्य होते. त्यानंतरच्या आवृत्त्यांमध्ये एकेक जोडी समोरासमोर ठेवून सामाईक भाग एकत्र करण्यात आला. स्थलांतर आणि सुधारणा एकाच वेळी केल्या असत्या, तर बिघाड नेमका कशामुळे झाला हे शोधणे दुरापास्त झाले असते.

एआरएमचा प्रश्न

एआरएमच्या बाबतीत अडचण निराळी होती. तिथे प्रत्येक उत्पादकाची चिप वेगळी आणि प्रत्येक बोर्डाचे वर्णन सी भाषेतील स्वतंत्र फाइलीत कोरलेले. क्लॉकचे व्यवस्थापनही प्रत्येक चिप-कुळाने आपापल्या परीने लिहिले होते. त्यामुळे दोन भिन्न चिप-कुळांवर चालेल असा एकच कर्नल बांधणे शक्य नव्हते. मार्च २०११ मध्ये टोरवाल्ड्स यांनी या गोंधळाबद्दल उघड नाराजी व्यक्त केली आणि साफसफाईला वेग आला.

उपाय सापडला तो भेदांना कोडमधून बाहेर काढण्यात. बोर्डावर कोणती उपकरणे कोणत्या पत्त्यावर आहेत, याचे वर्णन ‘डिव्हाइस ट्री’ या वेगळ्या माहिती-फाइलीत जाऊ लागले; बूटलोडर ती कर्नलच्या हाती देतो. ओपन फर्मवेअरमधून आलेली ही कल्पना पॉवरपीसीसाठी लिनक्समध्ये आधीपासून वापरात होती. २०१२ च्या ३.४ आवृत्तीत क्लॉकसाठी सामाईक चौकट आली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमधील ३.७ मध्ये अनेक चिप-कुळांवर चालणारा एकच एआरएम कर्नल बांधण्याची सोय झाली.

कुठे थांबावे

प्रत्येक साम्य म्हणजे पुनरुक्ती नव्हे. त्याच ३.७ आवृत्तीत ६४ बिटी एआरएमसाठी ‘एआरएम६४’ ही स्वतंत्र डिरेक्टरी हेतुपुरस्सर सुरू झाली. तिचा आज्ञासंच मुळातच नवा होता आणि ड्रायव्हर तर ‘आर्च’बाहेर सामाईक होतेच. एक्स८६ मध्येही यूजर प्रोग्रॅममधून कर्नलमध्ये प्रवेश करतानाचा असेंब्ली कोड ३२ आणि ६४ बिटांसाठी आजही वेगळाच आहे.

पण अशा वेगळेपणालाही मोल द्यावे लागते. २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ ही प्रोसेसरमधील त्रुटी उघड झाली. तिच्यावरील पेज टेबल विलगीकरणाचा उपाय ६४ बिटी एक्स८६ साठी जानेवारीतील ४.१५ मध्ये आला. ३२ बिटीला तो ऑक्टोबरमधील ४.१९ मध्ये मिळाला. मधल्या महिन्यांत मुख्य प्रवाहातील ३२ बिटी कर्नल त्या संरक्षणाविना राहिला.

म्हणून पुनरुक्ती काढताना कमी झालेल्या ओळी मोजणे पुरेसे नाही. दोन प्रतींतील फरक हार्डवेअरने लादलेला आहे की केवळ कालौघात साचलेला, हे आधी ठरवावे लागते. साचलेला फरक पुसावा, लादलेला जपावा. आणि जो जपला, त्याच्या प्रत्येक बाजूची दुरुस्ती स्वतंत्रपणे करावी लागणार, हे गृहीत धरून माणूसबळ राखावे.